तिसरं डोकं

शुभाताई इंगोले उभ्या आयुष्यात कुणापुढे वाकल्या नव्हत्या. वाकल्या त्या अमेरिकेतल्या एका हायवेवर, मुलाच्या गाडीच्या मागच्या सीटवर, आणि तेही कुणी वाका म्हटलेलं नसताना. ही गोष्ट त्यांच्या इतकी जिव्हारी लागली, की पुढे जे झालं ते सगळं त्या एका वाकण्यामुळे झालं असं त्या स्वतःच सांगतात.

नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत पी.टी. शिकवली. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरच्या मुलीच काय, फाटकाबाहेरचे सायकलवालेही थबकायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही बाईंनी मैदानाच्या कडेकडेने चालायला लावलं होतं, कारण आत चुन्याच्या रेघा ताज्या होत्या. साहेब चालले. अशा बाईंना त्यांचा एकुलता एक मुलगा देवांग रोज फोनवर म्हणू लागला, "आई, बाबा गेल्यापासून एकटी आहेस, सहा महिने तरी ये ना." शेवटी त्या सहा महिन्यांसाठी बॉथेलला आल्या. सिएटलबाहेरचं हे गाव, उंच झाडं, गावातून वाहणारी शांत नदी, आणि भिंतीला भिंत लागून असलेली एकसारखी घरं. देवांगचं घर त्यातलंच एक होतं.

आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी देवांग म्हणाला, "आई, घरी एकटी बोअर होशील. आमच्याबरोबर बेलव्ह्यूला चल. ऑफिसशेजारी लायब्ररी आहे, एकदम मस्त."

"आणि आई, दुपारी आपण लंच एकत्र करू," इला म्हणाली. इला सून, पुण्याची. देवांगच्या ऑफिसच्या पलीकडच्याच इमारतीत तिची नोकरी.

शुभाताईंना भरून आलं. मुलगा आणि सून ऑफिसला जाताना आईला बरोबर नेतात, हे त्यांनी नागपुरात कुणाच्या घरी पाहिलं नव्हतं. त्या रात्री बहिणीला फोनवर त्या म्हणाल्या, "पोरगा मला एकटं सोडतच नाही बाप्पा." बहिणीने लगेच चार घरी सांगितलं.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी अंधारातच निघायचं. पुढे देवांग आणि इला, मागे शुभाताई, मांडीवर तिघांचे डबे. दोघांच्याही कानात इअरफोनचे ते पांढरे बोंडुक खुपसलेले असायचे. देवांगची पहिली मीटिंग गाडीतच सुरू होई आणि इला पॉडकास्ट ऐकत असे. शुभाताई पहिले काही दिवस खिडकीतून दिसेल त्याबद्दल विचारत राहिल्या. "आई, एक मिनिट हां," असं उत्तर यायचं आणि ते मिनिट काही संपायचं नाही. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं.

हायवेला लागलं की उजवीकडच्या लेन गाड्यांनी गच्च भरलेल्या दिसायच्या. लाल दिव्यांची रांग नुसती मुंगीच्या पावलांनी सरकत असायची. डावीकडच्या दोन लेन मात्र मोकळ्या, आणि त्यांच्यावर आडव्या कमानीवर पाटी, पाटीवर डॉलरचे आकडे. आकडा कधी चढलेला, कधी उतरलेला. देवांग त्या मोकळ्या लेनमध्ये घुसायचा आणि गाडी सुसाट निघायची. हे कसं, असा प्रश्न शुभाताईंना पडला होता. पण मुलगा मोठ्या कंपनीत आहे, असेल काही सोय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

एवढ्या प्रवासात देवांग एकदाच कानातलं काढायचा. उजवीकडे मान वळवून, गर्दीत एखादी निळी गाडी दिसली की म्हणायचा, "अडकलाय बघ! बस म्हणावं आता तिथेच." त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद असायचा, तो लग्नातल्या फोटोतसुद्धा नव्हता.

निळी गाडी परीक्षितची. परीक्षित शेजारच्या घरात राहायचा, मूळचा मुंबईचा, आणि नोकरीला देवांगच्याच इमारतीत, चार मजले वर. दोघांच्या गॅरेजची दारं सकाळी एकाच सुमारास उघडायची. पण दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात देवांगने बसवलेली एकांकिका लांबली होती, हॉल रिकामा करायची वेळ झाली होती, आणि सूत्रसंचालक परीक्षितने भर प्रवेशात माइक बंद केला होता. नायक तोंड हलवतोय आणि आवाज नाही. प्रेक्षक हसले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. एकाच्या घरी कुकरची शिट्टी झाली तर ती दुसऱ्याच्या घरी ऐकू जायची, पण नमस्कार जात नव्हता.

असे तीन महिने गेले. लायब्ररीतल्या खुर्च्या शुभाताईंच्या पाठीला सवयीच्या झाल्या. दुपारच्या एकत्र जेवणाचं पहिल्या आठवड्यानंतर "आज जरा मीटिंग आहे हं आई" असं झालं, आणि त्या आपला डबा बाहेरच्या बाकावर एकट्याच खाऊ लागल्या. तक्रार त्यांनी केली नाही. मुलगा नेतो म्हणून आपण जातो, त्याच्या प्रेमाला तक्रार कशी लावायची, असं त्यांना वाटायचं.

आणि मग तो धुक्याचा दिवस उजाडला.

गाडी मोकळ्या लेनमधून चाललेली. पुढे रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी उभी असलेली शुभाताईंना दिसली. आता इथे नागपूर आडवं आलं. तिकडे त्यांच्या घरात एक स्कूटर आणि तीन माणसं होती. चौकात पोलीस दिसला की तिसऱ्याने मागेच उतरायचं, फुटपाथवरून चौक ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचं. दिराच्या फियाटमधून लग्नाला जाताना आत इतकी माणसं कोंबलेली असायची, की पोलीस दिसला रे दिसला, "वाका, वाका!" असा गलका व्हायचा. लहानग्या देवांगचं डोकं शुभाताईंनी स्वतःच्या हाताने कितीदा खाली दाबलं होतं. पोलिसाला जितकी कमी डोकी दिसतील तितकं बरं, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. तेव्हा धुक्यातून ती गाडी समोर आली आणि शुभाताईंचं अंग आपोआप खाली गेलं. डब्यांवर छाती टेकवून त्या सीटखाली दिसेनाशा झाल्या.

मागे निळे-लाल दिवे लागले. देवांगने गाडी कडेला घेतली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

पोलीस तरुण होता आणि अदबीने बोलत होता. खिडकीशी वाकून म्हणाला, "सर, तुमचा पास कारपूलवर सरकवलेला आहे. सकाळी या लेनमधून फुकट जायचं तर गाडीत तीन माणसं लागतात. मला दोनच दिसली."

"तीन आहेत, सर, तीन!" देवांग जवळजवळ ओरडला. "मागे बघा. माझी आई आहे. शी इज अवर थर्ड."

पोलिसाने टॉर्च मागे मारला. शुभाताई तेव्हा कुठे सरळ होत होत्या. कानटोपी एका डोळ्यावर आलेली, हातात डबा.

"मॅडम, तुम्ही लपलात का?"

खोटं बोलणं शुभाताईंच्या स्वभावात नव्हतं. "पोलीस कम," त्या म्हणाल्या, "आय गो डाउन."

पोलीस हसला. अगदी मोकळेपणाने हसला. "मॅडम," तो म्हणाला, "या लेनमध्ये उलटं असतं. पोलीस आला की मान वर करायची." मग देवांगला हात करून त्याने जायला सांगितलं.

गाडी पुन्हा लेनमध्ये लागली तसा देवांगचा बांध फुटला. "आई, तू वाकलीस का? हाऊ कॅन यू... अगं, तुला दिसण्यासाठीच तर..." पुढचं त्याने गिळलं.

"दिसण्यासाठीच तर काय?"

शेवटी इलाने कानातलं काढलं आणि मागे वळून सगळं सांगितलं. तिने लपवलं नाही, याबद्दल शुभाताईंनी पुढे तिला कायम मान दिला. काचेवर चिकटवलेला हा पास, त्यावर हे सरकणारं बटण. एकीकडे सरकवलं की टोल कापला जातो, दुसरीकडे सरकवलं की कारपूल. गर्दी वाढली की पाटीवरचा आकडा वाढतो, म्हणजे सगळेच आत घुसत नाहीत आणि लेन धावती राहते. गर्दीच्या वेळी आत तीन माणसं असली तर पैसे नाहीत. दुपारी दोन चालतात, पण सकाळी आणि संध्याकाळी तीनच. मूल असलं तर तेही मोजतात.

मूलही मोजतात हे ऐकून शुभाताईंच्या ओठांवर नातवंडाचा जो प्रश्न आला, तो त्यांनी परत पाठवला. त्यांनी एवढंच विचारलं, "मी नसते तर?"

"तर पंधरा-पंधरा डॉलर भरा," देवांग समोर बघत म्हणाला, "नाहीतर परीक्षितच्या मागे लाइन लावा."

त्या दिवशी लायब्ररीत शुभाताईंनी पुस्तक उघडलं नाही. त्या चिडल्या होत्या. मुलावर चिडल्या होत्या, बहिणीला केलेल्या त्या फोनवर चिडल्या होत्या. आपल्याला प्रेमाने नेतात असं त्या समजत होत्या आणि नेत होते ते डोकं मोजायला. पण सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. साहेबाला मैदानाच्या कडेने चालायला लावणारी बाई, मुलाच्या गाडीत उंदरासारखी लपली. तीन महिने "एक मिनिट हां" ऐकत आपण रोज थोडं थोडं वाकतच होतो, आज फक्त ते पूर्ण झालं, असं त्यांना वाटलं. आणि हे वाटणं खोटं नव्हतं.

शनिवारी त्या एकट्याच चालत नदीकाठी गेल्या. तिथल्या सीनियर सेंटरच्या मोठ्या काचेतून आत म्हातारी माणसं व्यायाम करताना दिसली. व्यायाम कसला, खुर्चीत बसून हात हलवणं चाललं होतं, तेही पोक काढून. समोरच्या टीव्हीवर कुणीतरी हसरी बाई शिकवत होती. शुभाताईंनी काही वेळ पाहिलं. मग त्यांना पाहवेना. त्या सरळ आत गेल्या, पहिल्या रांगेतल्या एका उंच आजोबांच्या पाठीत दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "सावधान!"

आजोबा ताठ झाले. शब्द कळला नव्हता, आवाज कळला होता. पाठोपाठ सगळी रांग ताठ झाली.

सेंटरचे कार्यक्रम बघणारी मुलगी प्रीता धावत आली. ती मराठी आईबापांची, जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून. तिने आधी माफी मागायला तोंड उघडलं, मग रांगेकडे पाहिलं आणि माफी राहूनच गेली. अर्ध्या तासात शुभाताईंनी त्या मंडळींकडून 'सावधान' आणि 'विश्राम' पाठ करून घेतलं. एका आजीबाईंना 'विश्राम' हा शब्द इतका आवडला की त्या चहा पिताना पण म्हणू लागल्या.

"आंटी, यू आर अमेझिंग!" प्रीता म्हणाली. आमच्या शिक्षिका गाव सोडून गेल्या, म्हणून टीव्ही लावावा लागतो. तुम्ही आहात तोपर्यंत रोज सकाळी साडेसातला याल का, सेवा म्हणून, असं तिने विचारलं.

"येते," शुभाताई म्हणाल्या. "सोमवारपासून." घरी विचारून सांगते, असं त्या म्हणाल्या नाहीत.

रविवारी जेवताना त्यांनी ही बातमी दिली. इलाचा चेहरा फुलला. देवांगचा घास हातातच राहिला.

"साडेसातला? रोज? आई, मग आमचं काय?"

"तुमचं काय? तुम्ही जा ऑफिसला."

"अगं, पण आपण तीन..." तो थांबला, मग बोललाच. "तू नसशील तर लेन जाईल. आठला माझी स्टँडअप मीटिंग असते. नवा मॅनेजर आहे, डेस्कवर कोण आहे, कोण नाही, सगळं बघतो. गेल्या महिन्यात टीममधले चारजण काढले. माझा जॉब गेला तर व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत सगळं गुंडाळून परत जावं लागेल. तुला कळतंय का?"

भीती खरी होती. पोराचे डोळे खोटं बोलत नव्हते, आणि आईचं काळीज क्षणभर हललं. पण क्षणभरच.

"कळतंय," त्या म्हणाल्या. "मग टोल भर."

"दोन्ही वेळचा, रोज? आई, वेडी आहेस का?"

"मग शेजारच्याला घे. तो तिथेच जातो, एकटा जातो, रोज अडकतो. तुम्ही दोघं आणि तो, झाले तीन."

भिंतीपलीकडे परीक्षितच्या नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज आला.

"त्याला?" देवांग दबक्या आवाजात म्हणाला. "त्या माणसाने दोनशे लोकांसमोर माझा माइक बंद केला. आई, मी पायी जाईन, पण त्याला विचारणार नाही."

"तू पायी जाशील?" शुभाताईंनी ताट बाजूला सारलं. "तू कशाला जाशील पायी? तुझ्या रुसव्यापायी मी जाते ना रोज. तुझा माइक एकदा बंद झाला, देवांग. तुम्ही कानात बोंडुक घातले तेव्हापासून माझा तीन महिने बंद आहे. सहा महिन्यांसाठी आले मी. त्यातले तीन तुझ्या मागच्या सीटवर गेले. उरलेले तीन माझे आहेत."

"आई, प्लीज, ड्रामा नको ना."

"ड्रामा तू बसवतोस," शुभाताई म्हणाल्या. "मी पी.टी. शिकवते."

इलाला हसू फुटलं आणि तिने ते पाण्याच्या ग्लासात लपवलं. देवांग उठून गेला.

सोमवारी शुभाताई अंधारातच उठल्या. पांढरे कॅनव्हासचे बूट घातले. गळ्यात शिट्टी अडकवली. ती नागपूरहून पर्समध्ये आली होती, का आणली ते त्यांनाही माहीत नव्हतं. शाल मात्र सापडेना. खुर्चीवर नाही, कपाटात नाही, कानटोपीही नाही. घरात हुडकत हुडकत त्या गॅरेजच्या दाराशी आल्या आणि दार उघडलं.

गाडीच्या मागच्या सीटवर शुभाताई बसल्या होत्या.

दोन उशा एकावर एक. त्यांवर मरून शाल, पदरासारखी ओढलेली. वर कानटोपी. टोपीखाली त्यांचा जुना चष्मासुद्धा होता. छातीवरून पट्टा नीट लावलेला. देवांग शालीची घडी सारखी करत होता आणि इला गाडीबाहेर हाताची घडी घालून उभी होती.

"मी याला सांगितलं," इला म्हणाली. "बाहुली पकडली तर वरून वेगळा फाइन आहे. आणि फाइनचं सोडा. हे बरोबर दिसत नाही."

शुभाताई त्या दुसऱ्या शुभाताईंकडे बघत राहिल्या. ती काही विचारत नव्हती, काही मागत नव्हती, डोकं मात्र बरोबर जागच्या जागी होतं. तीन महिने याहून वेगळं काय होतं? लायब्ररीत आलेला राग परत वर आला, पण आता त्यात स्वतःवरचा राग राहिला नव्हता.

"छान जमलीये," त्या म्हणाल्या. "अगदी मीच. हे काय करून राहिला रे तू?"

"आई, फक्त आजचा दिवस... मी काहीतरी दुसरं बघतो, प्रॉमिस." त्याचा आवाज पडला होता. शालीवरून त्याने हात काढून घेतला होता, पण तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या गॅरेजचं दार घरघरत वर जाऊ लागलं. शुभाताईंनी आपल्या गॅरेजचं बटण दाबलं आणि दार पूर्ण उघडायच्या आत बाहेर पडल्या. या वेळी दाराखालून वाकून जायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

निळी गाडी मागे येत होती. शुभाताईंनी शिट्टी फुंकली.

त्या शिट्टीने झाडावरचे कावळे उडाले, समोरच्या दोन घरांत दिवे लागले आणि निळी गाडी जागच्या जागी थिजली. परीक्षितने काच खाली केली. "काकू? काय झालं? सगळं ओके ना?"

"गाडी आत घे. बॅग घे. माझ्याबरोबर ये."

माणूस मुंबईचा, मोठ्या हुद्द्यावरचा, पण शिट्टीनंतर आलेल्या या आवाजाला नाही म्हणायची सवय कुठल्याही शाळेत लागत नाही. तो बॅग घेऊन उतरला. मधल्या गवताच्या पट्टीवर मात्र त्याचे पाय अडखळले.

"काकू, देवांगने बोलावलंय का मला?"

"देवांगने नाही. मी बोलावतेय."

"मग नको, काकू. उगाच ऑकवर्ड होईल यार... सॉरी, काकू. आम्ही बोलत नाही, तुम्हाला माहितीये."

"नका बोलू," शुभाताई म्हणाल्या. "त्या लेनला बोलणं लागत नाही. डोकी लागतात. मी तीन महिने गप्प बसून गेले, तुम्ही पण जा."

परीक्षित गॅरेजच्या तोंडाशी आला आणि त्याला मागची सीट दिसली. शाल, टोपी, चष्मा. त्याने एकदा त्या बाहुलीकडे पाहिलं, एकदा शुभाताईंकडे.

देवांगला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तरी चाललं असतं. दोनशे लोक हसले होते त्यापेक्षा हे एका माणसाचं बघणं वाईट होतं, कारण परीक्षित हसला नाही. त्याने मागचं दार उघडलं, पट्ट्याचं बटण दाबलं, चष्मा अलगद काढला आणि शालीची घडी घालून दोन्ही हातांनी शुभाताईंकडे दिली. "तुमची आहे ना ही?" त्याने विचारलं.

"माझीच," शुभाताई म्हणाल्या. त्यांनी शाल झटकली आणि अंगावर घेतली. कानटोपी घातली. दोन्ही उशा इलाने उचलून शेल्फवर भिरकावल्या, जरा जोरातच.

परीक्षित मागे बसला. देवांग पुढे बसला. दोघंही समोर बघत होते. इलाने पासचं बटण तपासलं, मग स्वतःच्या कानातले बोंडुक काढून पर्समध्ये टाकले.

गाडी बाहेर आली तशी देवांगने काच खाली केली. त्याचे डोळे लाल झाले होते. "आई," तो म्हणाला, "संध्याकाळी परतीला पण तीन लागतात."

"माहितीये. तिघं गेलात, तिघं या."

"आणि उद्या?"

शुभाताईंनी शेजारच्या दाराकडे बोट केलं. "आज मी बोलावलं. उद्या ते दार तू वाजवायचं. शिट्टी मी तुला देणार नाही."

देवांगने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. गाडी वळणावर गेली तेव्हा मागच्या काचेतून तीन डोकी दिसत होती, तिन्ही ताठ, आणि त्यातलं मागचं डोकं जरा पुढे झुकून काहीतरी विचारत होतं. उत्तर मिळालं का ते बघायला शुभाताई थांबल्या नाहीत. त्यांना उशीर होत होता.

उतारावरून त्या झपझप नदीकडे निघाल्या. सेंटरमध्ये टीव्ही बंद होता. मंडळी खुर्च्यांसमोर उभी राहून त्यांची वाट बघत होती, आणि त्या विश्रामवाल्या आजीबाई सगळ्यांत पुढे होत्या. प्रीताने विचारलं, "आंटी, आज कशाने सुरुवात?"

"मानेने," शुभाताई म्हणाल्या.

त्या समोर उभ्या राहिल्या, शिट्टी फुंकली, आणि मराठीतच म्हणाल्या, "सावधान! मान वर. आणखी वर. पोलीस आला तरी खाली नाही!"

प्रीता एकटी खुदकन हसली. बाकीच्यांना एक अक्षर कळलं नाही, तरी साऱ्या माना वर झाल्या.